महालातील छापखाना आणि आईची स्मरणिका

आई शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाली आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाली. घरी ती आम्हा दोघा भावंडांची आई होती आणि वस्तीत सर्वांची सिस्टरबाई. तिच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी ४८ पानांच्या स्मरणिकेच्या दीडशे प्रती आम्ही नागपूरच्या महाल भागातील या छापखान्यातून छापून घेतल्या. नागपुरात असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या भेटीत छापखान्याच्या काकांनी दर सांगण्यापूर्वी एकच चौकशी केली, ती म्हणजे हे पुस्तक प्रामुख्याने कोण वाचणार. आईच्या सोबतच्या बहुतेक सिस्टर आता सत्तरीच्या आसपास आहेत, हे कळल्यावर त्यांनी अक्षर मोठे ठेवायला सांगितले. गुळगुळीत आर्ट पेपरवर दिव्याचा उजेड चमकतो आणि वाचताना डोळ्यांना त्रास होतो, म्हणून मजकुरासाठी मॅपलिथो, म्हणजे न चमकणारा साधा छपाईचा कागद, आणि केवळ छायाचित्रांच्या मधल्या आठ पानांसाठी आर्ट पेपर, अशी विभागणी त्यांनीच सुचवली. त्यामुळे खर्चही कमी झाला.

मजकूर जुळवणाऱ्या ताईंचा उल्लेख वेगळा करायला हवा. मी लिहून नेलेल्या पहिल्या चार पानांत ‘त्यागमूर्ती’ आणि ‘सेवाव्रती’ हे शब्द इतक्या वेळा आले होते, की त्यांत आई कुठेच दिसत नव्हती. ताईंनी त्यावर काही टीका केली नाही, काम करता करता त्यांनी फक्त विचारले, “ताई, आईची नाइट असली की तुम्ही दोघं कोणाजवळ राहायचे?” त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी जे लिहिले, तेच स्मरणिकेतील सर्वांत चांगले पान ठरले. शेजारच्या काकूंच्या घरी आमची अंथरुणे कायमची ठेवलेली असत, सकाळी आई परतली की आधी आंघोळ, मग माझी वेणी, भावाचा गृहपाठ आणि आम्ही दुपारच्या शाळेला निघाल्यावर तिची झोप, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. तिला पुरेशी झोप मिळते की नाही, हा विचार माझ्या मनात तेव्हा कधीच आला नाही आणि तेही मी त्या पानावर लिहिले आहे.

चुका झाल्या आणि त्याही सांगायला हव्यात. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता. जुन्या टंकात रूपांतर होताना जोडाक्षरे तुटली आणि ‘शुश्रूषा’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी बिघडला. त्याहून गंभीर बाब म्हणजे मुद्रितशोधनात कोणीतरी ‘परिसेविका’ हा शब्द चुकीचा समजून सर्वत्र ‘परिचारिका’ करून टाकला. बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु वॉर्डाची संपूर्ण जबाबदारी सांभाळणारी परिसेविका होण्यासाठी आईने बावीस वर्षे वाट पाहिली होती. काकांनी चूक लगेच मान्य केली, दुसरे मुद्रित विनामूल्य काढून दिले आणि ते आईच्या सहकारी सिस्टरांकडून तपासून घेण्याचा आग्रह धरला.

प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर हातात दिवा घेऊन शपथ घेतानाचे आईचे कृष्णधवल छायाचित्र आमच्याकडे होते. त्यावर ओलीचा डाग पडला होता. संगणकावर दुरुस्त करताना डाग गेला, पण त्याबरोबर आईचा सावळा वर्ण उजळला आणि हनुवटीवरची खूणही नाहीशी झाली. ती आमची आई राहिली नव्हती. मी तसे सांगितल्यावर त्यांनी मूळ प्रत पुन्हा स्कॅन केली आणि डागाचा थोडा भाग तसाच राहू दिला. अशा कामात छायाचित्र सुंदर करण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आईच्या रोजनिशीचे एक पान छापायचे मी ठरवले होते, तेव्हा काकांनी त्यावरील रुग्णांची नावे दाखवून ती झाकायला सांगितली. एका परिचारिकेच्या मुलीला हे आधी सुचायला हवे होते. आईने आयुष्यात एकाही रुग्णाची गोष्ट नावासकट घरी सांगितली नव्हती.

मध्ये पिना मारून बांधलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत लागतात. आमचा मजकूर ४६ पानांत संपला आणि दोन पाने कोरी राहत होती. तिथे कविता किंवा श्लोक घालण्याऐवजी आई जे लोकांना शिकवत असे तेच छापावे, ही सूचना काकांची. त्यासाठी तिचे रुग्णालयाबाहेरचे सगळे काम आम्हाला पुन्हा आठवावे लागले. पल्स पोलिओच्या रविवारी ती बूथवर बसायची आणि लस उष्णतेने खराब झाली आहे का हे दाखवणाऱ्या, प्रत्येक कुपीवरच्या खुणेचा रंग पाहिल्याशिवाय एकही थेंब पाजू देत नसे. भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, तरीही तिने त्या रविवारी दुसरे काम कधी ठरवले नाही. विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या, दूरवर चालून पाय सुजलेल्या लोकांसाठी ती प्रथमोपचाराची पेटी घेऊन जाई. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असल्यामुळे लग्न जुळवणाऱ्या घरांत जाऊन, पत्रिकेआधी रक्त तपासा, असे ती स्पष्ट सांगे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे ती चार चमचे मांडून समजावत असे.

त्यामुळे एका पानावर सिकलसेलची माहिती आली आणि दुसऱ्यावर जलसंजीवनी: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि आई आमच्या चौकातल्या पाणपोईवर माठांशेजारी हे हाताने लिहून लावत असे. काकांनी ते पान मोठ्या अक्षरांत वेगळेही छापून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

एका प्रतीला एकशे चाळीस रुपये पडले. स्कॅनिंगचा खर्च वेगळा. ठरल्यापेक्षा चार दिवस उशीर झाला आणि सुमारे दहा प्रतींच्या मुखपृष्ठावरील लॅमिनेशनला कडेने बुडबुडे आले होते, त्या त्यांनी बदलून दिल्या. आपले काम असेल तर किमान दीड महिना हाताशी ठेवावा आणि मूळ छायाचित्रे स्वतः नेऊन समोर बसून स्कॅन करून घ्यावीत. १२ मे रोजी असणाऱ्या परिचारिका दिनासाठी आईच्या सहकाऱ्यांनी आणखी पन्नास प्रती मागितल्या आहेत. त्याही मी इथेच छापायला दिल्या असून, या वेळी पाणपोईचे ते पान शंभर जास्त काढायला सांगितले आहे.