उन्हाळ्यातलं ट्रेनिंग की आठवं सेमिस्टर: औष्णिक केंद्र की जिनिंग?

मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्यांपुढे आपल्या विदर्भात बहुधा दोनच वाटा असतात. एक म्हणजे मे-जूनमध्ये चंद्रपूर, कोराडी नाहीतर खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रात महिना-दीड महिन्याचं ट्रेनिंग. दुसरी म्हणजे आठव्या सेमिस्टरला हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट अशा कापसाच्या गावातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, पूर्णवेळ इंटर्नशिप. पुण्यात सोय होत असेल तर गोष्ट वेगळी, तो हिशेब इथे धरलेला नाही.

औष्णिक केंद्राचं नाव मोठं आहे आणि त्या नावामागे दमही आहे. चंद्रपूरची क्षमता 2920 मेगावॅट, कोराडीला 660 मेगावॅटचे संच. एवढ्या पसाऱ्यात काम कसं सुरक्षित चालतं हे पाहायला याहून चांगली जागा जवळपास नाही. पंपाचं बेअरिंग बदलायचं तर आधी ऑपरेशनवाले पंप बंद करतात, ब्रेकर बाहेर काढतात, सक्शन-डिस्चार्जचे व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावतात, परमिटवर सह्या होतात आणि मग कुठे पाना हातात येतो. काम झालं की हाच क्रम उलटा. ही शिस्त जिनिंगमध्ये तुम्हाला कोणी शिकवणार नाही. कंट्रोल रूममधल्या ट्रेंडवरून (दाब-तापमानाच्या आलेखांवरून) बिघाडाचा माग काढणं, लॉगबुक वाचणं हेही तिथेच शिकावं.

पण मे महिन्यात विजेची मागणी टिपेला असते, संच बंद ठेवणं परवडत नाही आणि मोठं ओव्हरहॉलिंग साधारणपणे पावसाळ्यावर जातं. म्हणजे ऐन ट्रेनिंगच्या काळात उघडलेलं टर्बाइन दिसण्याची शक्यता कमीच. मुलं गटागटाने कोळसा विभाग, बॉयलर, स्विचयार्ड असं फिरतात. हात लावू देत नाहीत आणि देऊही नये. पण मग रिपोर्टमध्ये मॅन्युअलचीच नक्कल उतरते. यंदाचा आणि मागच्या बॅचचा रिपोर्ट शेजारी ठेवले तर फरक मुखपृष्ठावरच्या नावांचा.

तरी माझा कल जिनिंगकडे झुकला तो यामुळे नाही. खरी चिडचिड दुसरीच आहे. छोट्या ट्रेनिंगमध्ये बिघाडाचं कारण कळतं, पण केलेला उपाय लागू पडला की नाही हे कळायच्या आत गेट पासची मुदत संपते. आणि इंजिनिअरचं निम्मं शिक्षण तर उपायानंतरच होतं.

डबल रोलर जिन या सरकी काढणाऱ्या यंत्राचंच घ्या. रुई कमी पडायला लागली की फिटर पहिला संशय रोलरवर घेतो. क्रोम लेदरच्या चकत्या शाफ्टवर दाबून बसवलेला हा रोलर स्थिर सुरीवर घासत फिरतो. दाब कमी पडला तर रुई पकडली जात नाही. दाब वाढवला तर रोलर तापतो, लवकर झिजतो आणि मोटरचे अँपिअर चढतात. हलत्या सुरीचं सेटिंग चुकलं तर सरकी फुटते किंवा सरकीला रुई राहते. हे सगळं जागेवर असूनही उत्पादन घटलेलं असेल तर रोलरचा व्यास मोजा. समजा 180 मिलिमीटरचा रोलर झिजून आणि पुन्हा पुन्हा खाचा पाडून 150 वर आला. 100 आरपीएमला त्याच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटाला साधारण 56.5 मीटरवरून 47 मीटरवर येतो, म्हणजे सहावा हिस्सा गेला. मोटर तीच, आरपीएम तेच, म्हणून फेरे मोजणाऱ्या नुसत्या टॅकोमीटरला हे सापडत नाही. मोजमाप घेताना फीड थांबवा, जिन रिकामी होऊ द्या, वीज तोडणारा आयसोलेटर बंद करून पाटी लावा आणि मगच हात घाला. नंतर जिनसमोर ताडपत्री टाकून दहा मिनिटांची रुई तोला. रोलर बदलल्यावर पुन्हा तोला, महिन्याभराने आणखी एकदा. हे तिसरं वजन उन्हाळी ट्रेनिंगवाल्याच्या नशिबात नसतं.

हवामानाचंही असंच. जानेवारीत दव पडलेला कापूस सकाळी ओला असतो, तो रोलरला गुंडाळतो आणि हवेच्या पाइपात वळणावर तुंबतो. ओलावा साधारण 8 टक्क्यांच्या आसपास असेल तर काम बरं चालतं. एप्रिलच्या उन्हात तोच कापूस कोरडाठाक होतो. मग तंतू तुटतो, आणि 170 किलोची गाठ बांधताना प्रेसला जास्त जोर लावावा लागतो. दाब सोडला की रुई उसळते आणि गाठीच्या पट्ट्या तुटतात. त्यातच हंगामाच्या शेवटी फरदड (जुन्याच झाडांचा उशिराचा कापूस) आणि कवडी (नीट न उमललेला, खराब कापूस) येते. एकच यंत्र तीन तऱ्हेने वागताना पाहायचं तर तिथे चार महिने टिकून राहायला हवं.

जिनिंगचे तोटे काही कमी नाहीत. ड्रॉइंग सहसा मिळत नाही, ते आपणच काढायचं. शिकवायला नेमलेला माणूस नसतो. फिटर मोकळा होईल तेव्हा सांगेल, आणि शेठला तुम्ही वजनकाट्यावर बसलेले जास्त आवडाल. ते पहिल्याच दिवशी नम्रपणे टाळा. रुईची धूळ आणि क्रोम लेदरची पूड छातीत जाते, मास्क स्वतःचा न्या. आगीचा धोकाही आहे. खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला की ठिणगी उडते, आणि गाठीत आग आतल्या आत धुमसत राहते. बायोडेटावर या नावाचं फारसं वजन पडत नाही हेही खरं.

वीज क्षेत्रातच जायचं पक्कं असेल, महानिर्मितीच्या (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या) भरतीची तयारी चालू असेल, तर औष्णिक केंद्र सोडू नका. इतरांसाठी एक मधली वाटही आहे. अमेरिकेत 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठाने सुरू केलेल्या को-ऑप पद्धतीत विद्यार्थी काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात असा आलटून पालटून जात असे. आपल्याकडे हे घरच्या घरी जमवता येतं. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं, यंत्रं दुरुस्तीसाठी उघडलेली असतात. तेव्हा एक-दोन आठवडे जाऊन रोलर, बेअरिंग, सुऱ्या मोजून वहीत उतरवा. जानेवारीत त्याच कारखान्यात रुजू व्हा.

मात्र रुजू व्हायला फेब्रुवारी उजाडू देऊ नका. कापसाची आवक कमी असलेल्या वर्षी कारखाना मार्चातच बंद होतो. त्यामुळे इंटर्नशिपचं पत्र घेण्याआधी यार्डात किती कापूस पडून आहे आणि रोज किती गाड्या येताहेत, हे मुकादमाला विचारून घ्या.