ओटीटीची वार्षिक वर्गणी आणि अर्धवट राहिलेल्या मालिका: वापरानंतरचा अनुभव

मुख्यतः विज्ञानकथा मालिका पाहण्यासाठी घेतलेल्या ओटीटीच्या वार्षिक वर्गणीचा हा अनुभव आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल लिहायचे आहे ती मी वापरलेल्या प्रत्येक सेवेत आढळली. चित्राची प्रत, एका वेळी किती पडद्यांवर पाहता येते आणि दर किती आहेत हे सर्वांना ठाऊक आहेच. जळगावात स्थानिक केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवरही चित्र सहसा अडखळत नाही, डाउनलोडची सोय उत्तम आहे आणि हिंदी डबिंग अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगले आहे. या बाबतीत माझी तक्रार नाही, आणि पहिले काही महिने मी भुसावळ व धुळ्याच्या मित्रांना ही वर्गणी आग्रहाने घ्यायला लावत होतो.

मत बदलले ते उन्हाळ्यात. दुपारी घराबाहेर पडणे अशक्य असते त्या दिवसांत आम्ही घरच्यांनी एक अंतराळ मालिका सुरू केली आणि आईसुद्धा हिंदी डबिंगमुळे त्यात रमली. शेवटच्या उपलब्ध भागात यान संकटात सापडते, निम्मी पात्रे बेपत्ता होतात आणि तेथेच पडदा काळा होतो. आईने विचारले, “मंग पुढे काय जयं?” शोधल्यावर कळले की मालिका कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे आणि पुढचा भाग कधीही येणार नाही. सेवेच्या पानावर मात्र वर्ष, वयोगट, कलाकार, भाषा, अगदी ध्वनीचा प्रकारसुद्धा दिलेला होता. फक्त कथा अपूर्ण आहे एवढेच कोठे लिहिलेले नव्हते.

मी ग्राहक सेवेशी संपर्क साधला. “आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे” हे उत्तर वेगवेगळ्या प्रतिनिधींकडून मिळाले आणि उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करण्यास नकार मिळाला. पैशांपेक्षाही त्यांचा युक्तिवाद मला अधिक खटकला: मालिका पुढे येईल की नाही, हे निर्मात्यांच्या हाती असते, असे ते म्हणत होते. पण मी भविष्य विचारत नव्हतो. जे घडून गेले आहे आणि जगजाहीर आहे, तेवढेच पानावर लिहा, असे म्हणत होतो. आमच्या जळगावच्या सराफ बाजारात शुद्धतेचा शिक्का दाखवल्याशिवाय दागिन्याचा भाव ठरत नाही. वर्षभराचे पैसे आगाऊ घेणाऱ्याने मालाची खरी स्थिती सांगावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या प्रसंगानंतर आमच्या मित्रमंडळींत रेटिंगवर, म्हणजे प्रेक्षकांच्या मोजणीवर, बरीच चर्चा झाली. भुसावळच्या मित्राचे म्हणणे असे की प्रेक्षक नव्हते म्हणून मालिका बंद पडली, यात कोणाचा काय दोष? मला हे पटत नाही, कारण प्रेक्षक असणे आणि मोजले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळ मालिका १९६६ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली, प्रेक्षकांच्या पत्रांच्या मोहिमेनंतर तिला तिसरे पर्व मिळाले, पण ते शुक्रवारी रात्री दहाला, म्हणजे तिचा तरुण प्रेक्षक घरी नसण्याच्या वेळी, दाखवले गेले आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर ती बंद झाली. तिची खरी लोकप्रियता पुढे पुनःप्रक्षेपणातून वाढली. ‘फायरफ्लाय’चे २००२ मध्ये १४ भाग तयार होते, परंतु फॉक्स वाहिनीने ते क्रम बदलून दाखवले आणि ११ भागांनंतर मालिका थांबवली. ‘द एक्सपान्स’ २०१८ मध्ये सायफाय वाहिनीने सोडली, कारण त्या वाहिनीकडे अमेरिकेत केवळ पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क होते आणि इतरत्र पाहणाऱ्यांचा तिला आर्थिक उपयोग नव्हता. ॲमेझॉनने ती उचलली म्हणून तिची सहा पर्वे झाली.

आपल्याकडे टीआरपीसाठी निवडक घरांतच मीटर बसवलेले असते, त्यामुळे खान्देशातल्या बहुतेकांच्या पाहण्याची थेट नोंद कोठेच होत नाही. ओटीटीवर प्रत्येक घराची नोंद होते, ही मला मोठी जमेची बाजू वाटत होती. परंतु नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला कळवलेली पद्धत पाहा: एका भागाची दोन मिनिटे पाहणारे ‘सुरू करणारे’, एक भाग ७० टक्के पाहणारे ‘पाहणारे’ आणि पूर्ण पर्वापैकी ९० टक्के पाहणारे ‘पूर्ण करणारे’, आणि निर्मात्यांना हे आकडे पहिल्या ७ व २८ दिवसांचे दिले जात. रविवारी एक भाग, असे सर्वांनी मिळून निवांत पाहणारे आमच्यासारखे घर आठ भागांची मालिका अशा मुदतीत पूर्ण करूच शकत नाही. ‘१८९९’ ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीलाच ती पुढे होणार नाही, हे जाहीर झाले.

यातून जे घडते आहे त्याची मला मनापासून काळजी वाटते. अर्धवट कथांनी फसलेला प्रेक्षक आता सर्व पर्वे येईपर्यंत नवी मालिका सुरूच करत नाही. आमच्यातले दोघे तर उघडपणे हाच नियम पाळतात. मग सुरुवातीचे आकडे घसरतात आणि मालिका खरोखरच बंद होते. सेवेने पानावर “कथा पूर्ण”, “पुढील पर्व मंजूर” किंवा “कथा अपूर्ण, मालिका बंद” यांपैकी एक ओळ लिहिली, तर हा अविश्वास बराच कमी होईल. शेवट देण्याची इच्छा असेल तर मार्गही आहेत: ‘फारस्केप’ बंद झाल्यावर २००४ मध्ये लघुमालिकेने तिची कथा पूर्ण केली आणि ‘सेन्स८’ला २०१८ मध्ये दीर्घ समारोपाचा भाग मिळाला.

अपूर्ण मालिका पाहूच नयेत, असे मात्र मी आता म्हणत नाही. राग ओसरल्यावर मी ‘फायरफ्लाय’ पाहिली. ती बंद पडल्याचे आधी ठाऊक होते, पुढे २००५ च्या ‘सेरेनिटी’ चित्रपटाने कथेला काहीसा शेवट दिला हेही ठाऊक होते, आणि त्यामुळे प्रत्येक भाग निर्धास्तपणे पाहता आला. माहिती आधी असेल तर अपूर्णता सोसता येते.

वर्गणीची मुदत संपत आली आहे. ध्वनी, चित्र आणि डबिंगसाठी या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन, पण एकंदर दोनच देतो. नव्या ग्राहकांनी वार्षिकऐवजी मासिक वर्गणी घ्यावी आणि मालिका सुरू करण्यापूर्वी ती पूर्ण झाली आहे का, हे स्वतः शोधून घ्यावे. मीही पुढच्या महिन्यापासून तसेच करणार आहे. पानावर ती एक ओळ दिसू लागली, तर वर्षभराचे पैसे पुन्हा आगाऊ भरायला मी तयार आहे.