50 रुपयांचा शेरा आणि वरची हमाली

परदेशासाठी कागदपत्रं करून देणारी एजन्सी चांगली की वाईट, हे काउंटरवरच्या माणसाच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. 'किती कागद आहेत?' असं विचारलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. 'कुठल्या देशाला?' असं विचारलं, तर खुर्ची ओढून बसा.

आमच्या सूनबाईंना मुलाकडे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला जायचं होतं. तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायला जन्मदाखला आणि विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं तो शिक्का. कोल्हापुरात या कामाच्या पाट्या शोधल्या तर एकीवर 'अपोस्टाईल', दुसरीवर चक्क 'अपोस्टल'. अपोस्टल म्हणजे येशू ख्रिस्ताचा शिष्य. त्याचा आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्याचा काय संबंध, ते पाटी रंगवणाराच जाणे. त्या शिष्याच्या दुकानात मी गेलोही. तिथल्या पोरानं कागद मोजले, दर सांगितला, आणि अपोस्टिल म्हणजे नक्की काय विचारल्यावर म्हणाला, "काका, नोटरीच असते, फक्त दिल्लीची."

मी जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालोय. सही, शिक्का, टिपणी, पृष्ठांकन यांत हयात गेली. हे उत्तर मला पचण्यासारखं नव्हतं.

ज्या एजन्सीबद्दल लिहितोय ती नंतर सापडली. काउंटरवर विशीतली एक मुलगी. कागद हातात घ्यायच्या आधीच तिनं देश विचारला. नेदरलँड्स म्हटल्यावर म्हणाली, "मग अपोस्टिल चालेल. कुवेत, कतार असतं तर वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागला असता, ते देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाहीत. जर्मनीला तर अपोस्टिल पाठवूच नका, त्यांनी भारताच्या करारातल्या प्रवेशालाच आक्षेप घेतलेला." एका दमात. पाठ केलेलं असेल, पण बरोबर पाठ केलेलं होतं.

मग मी तिला तोच प्रश्न टाकला, अपोस्टिल म्हणजे नक्की काय? ती म्हणाली, "सही करणाऱ्याची सही खरी आहे, एवढंच. दाखल्यातला मजकूर खरा की खोटा, ते यात येत नाही." वा! आमच्याकडे बढत्या मिळालेल्यांनाही हा फरक कधी कळला नाही.

हेग शहरात 5 ऑक्टोबर 1961 ला झालेल्या कराराचा हा सगळा पसारा. भारतात तो 14 जुलै 2005 पासून लागू झाला. त्याआधी प्रत्येक देशाच्या वकिलातीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. अपोस्टिल हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या लॅटिन शब्दाचा अर्थ समासात लिहिलेली टीप. म्हणजे आपला शेरा! साहेब फाइलच्या कडेला मारतात तो. हे वाचल्यावर मला त्या शब्दाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. फक्त हा शेरा दाखल्यावर नसून सहीवर असतो, इतकंच ध्यानात ठेवायचं.

काम साखळीनं चालतं. गावच्या ग्रामसेवकाची सही परराष्ट्र मंत्रालय ओळखत नाही. म्हणून आधी राज्याच्या पातळीवरचा अधिकारी कागद प्रमाणित करतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना मंत्रालयाकडे असतो. मंत्रालय जनतेकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. आपली गल्लीतली एजन्सी त्या संस्थांच्याही अलीकडची. एका कागदाच्या अपोस्टिलची सरकारी फी 50 रुपये. माझ्याकडून घेतले एका कागदाचे साडेतीन हजार. मधली हमाली, नोटरी, जाणं-येणं हे सगळं धरलं तरी रक्कम जड वाटली, आणि पावतीवर नुसतं 'अटेस्टेशन चार्जेस' लिहून मोकळे. मी फोड मागितली. मुलगी जरा नाराज झाली, पण कागदाच्या मागे पेनानं लिहून दिली. ती फोड छापील पावतीवर का देत नाहीत? त्यासाठी पाचपैकी एक तारा मी कापलाय.

दुसरा मुद्दा लॅमिनेशनचा. आमच्या व्याह्यांनी लग्नाचं प्रमाणपत्र, 1998 च्या विवाहनोंदणी कायद्याखालचा तो नमुना 'ई', हौसेनं प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवलं होतं. त्यावर शिक्का बसणार कसा? दुसऱ्या कुणी इस्त्री फिरवून प्लॅस्टिक सोडवायचा उद्योग केला असता. या मुलीनं हातच लावला नाही. "नोंदणी कार्यालयातून नवीन प्रत काढा, हे फाटलं तर मला जबाबदार धराल," म्हणाली. काम लांबलं, पण सल्ला सोन्यासारखा. जन्मदाखला हाती लिहिलेला, नुसता मराठीत होता. तोही ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी असा नवा काढून आणायला तिनंच सांगितलं, नाहीतर भाषांतराचा खर्च वाढला असता.

कागद गेल्यावर मात्र यांची वाचा बसते. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की उत्तर एकच, 'अंडर प्रोसेस'. आमच्या ऑफिसातल्या 'कार्यवाही चालू आहे' याचा हा सख्खा भाऊ. कागद मुंबईत आहेत, पाकिटात आहेत की टेबलाच्या खणात, यातलं काहीही त्यात बसतं. मी चिकाटीनं विचारत राहिलो तेव्हा शेवटी कुरिअरचा नंबर आला.

कागद परत आले ते स्वच्छ, घडी न पडलेले, पुठ्ठ्याच्या पाकिटात. मागच्या बाजूला तो स्टिकर. करारातल्या नमुन्याप्रमाणे चौकोन, डोक्यावर फ्रेंचमध्ये कराराचं नाव, खाली एक ते दहा रकाने: देश, सही कुणाची, कोणत्या पदावरून, शिक्का कुणाचा, ठिकाण, तारीख, कोणी प्रमाणित केलं, क्रमांक, शिक्का, सही. दहाच्या दहा रकाने मी भिंगातून तपासले. सूनबाई हसत होत्या. "बाबा, आता तरी रिटायर व्हा," म्हणाल्या. रकाना दोनमधलं नाव आणि दाखल्यावरच्या प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव जुळलं, मगच मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा 'अंडर प्रोसेस'नं खाल्ला. जाणार असाल तर मूळ कागदांच्या रंगीत प्रती आधी घरी काढून ठेवा, कारण तिथलं झेरॉक्स मशीन पट्टे मारतं. दर विचारताना 'सगळं धरून किती' असंच विचारा. येतानाचं कुरिअर वेगळं लावतात. दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अंधारा, लिफ्ट नाही. आणि त्या मुलीची सुट्टी मंगळवारी असते, त्या दिवशी जाऊ नका. मालक स्वतः बसतात आणि ते पहिला प्रश्न कागद किती हाच विचारतात.