'सगळे' म्हणायला चिनीत तोउ घ्यायचा की छ्युएन?

मॅन्डरिन शिकायला लागलं की मराठी माणसाचा घोळ हमखास इथे होतो, आपण 'सगळी माणसं' म्हणतो म्हणून तोउ पण उचलून नामाच्या आधी ठेवतो आणि वाक्य तिथेच मोडतं. तोउची जागा ठरलेली आहे, कर्त्याच्या नंतर आणि क्रियापदाच्या आधी. वोमन तोउ लाय ल, आम्ही सगळे आलो. (पिनयिनमधे, म्हणजे चिनीच्या रोमन लिपीतल्या लेखनात, डी लिहितात पण उच्चार आपल्या त च्या जवळचा, उंच आणि सपाट सुरात.)

छ्युएन त्या जागेवर पण चालतो, वोमन छ्युएन लाय ल, फक्त इथे 'एकूण एक आले, कोणी राहिलं नाही' असा जोर येतो. शिवाय तो नामाला थेट चिकटतो, छ्युएन च्या म्हणजे अख्खं घर, छ्युएन क्वो म्हणजे अख्खा देश. हे तोउला जमत नाही. पण दोघांबद्दल बोलताय, आई आणि बाबा दोघं शिक्षक आहेत वगैरे, तर तोउच घ्या, छ्युएनला सहसा तीन किंवा जास्त लागतात.

तरी मला विचाराल तर आधी तोउ पक्का करा, कारण त्याची कामं खूप आहेत आणि त्यातली बरीच छ्युएन करूच शकत नाही. शेइ म्हणजे कोण, पण शेइ तोउ लाय ल म्हटलं की 'झाडून सगळे आले', प्रश्नच उरत नाही. तोउ पा त्येन ल म्हणजे 'आठ वाजलेसुद्धा!', यात सगळे कुठेच नाहीत, नुसता जोर आहे. ल्येन आणि तोउची जोडी आली की 'अगदी लहान मुलालासुद्धा कळतं' मधला 'सुद्धा' मिळतो. आणि नकाराची जागा तर जपाच, वोमन तोउ पु छ्यू म्हणजे आम्ही कोणीच जाणार नाही, वोमन पु तोउ छ्यू म्हणजे सगळे नाही जाणार, काही जातील, एवढ्या अदलाबदलीने मागवलेली गाडी रिकामी परत जाईल.

नामाच्या आधी 'सगळे' हवंच असेल तर सुओयोउ द आणा, पण पुढे तोउ बहुतेक वेळा लागतोच, सुओयोउ द रन तोउ लाय ल, सगळी माणसं आली. आणि फारच ठासून सांगायचं असेल तर चिनी लोक दोन्ही एकत्र बोलतात, छ्युएन तोउ लाय ल, क्रम मात्र हाच, उलटा नाही.