हिना की शमामा: एका हिवाळ्यानंतर

मागच्या आठवड्यात शमामा अत्तराची रोल-ऑन बाटली स्वेटरच्या खिशात पाझरली. ३ मिलीतलं निम्मं अत्तर लोकरीत गेलं. ६०० रुपयांतले ३०० वाया! चीड अजून आहे. पण थंडीत हिना घ्यावी की शमामा, हा चार महिने न सुटलेला प्रश्न त्या स्वेटरनेच सोडवला, म्हणून सविस्तर लिहिते.

उन्हाळ्यात खस-मोगरा, थंडीत हिना-शमामा, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. नाशिकला सकाळी साडेसहाला दुचाकीवर निघते. त्या गारठ्यात हलक्या फुलांचा वास कातडीवरून वर उठतच नाही. म्हणून नोव्हेंबरात दोन्ही अत्तरं घेतली, दोन्ही अत्तरांसाठी नावाजलेल्या कनौजची.

पहिले दोन महिने मी हिनाच्या बाजूने होते. लावल्या लावल्या गोडसर, मातकट, ऊबदार. आजोबांच्या कानातल्या फायाचा वास तो हाच. शमामा मात्र उघडल्याबरोबर नाकात जायचं. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, लवंग, जायफळ असं सगळं तांब्याच्या डेगेत उकळून त्याची वाफ तेलात उतरवतात. आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच हे दगडफूल. ऑफिसात शेजारची म्हणाली, "आज डब्यात काय आणलंस गं?" मी ते महिनाभर कपाटात ठेवून दिलं.

जानेवारीत मत बदललं. निघताना न लावता आंघोळीनंतर लगेच, साडेपाचला लावायला लागले. तासाभरात मसाल्याचा तिखटपणा ओसरतो आणि खाली ओल्या लाकडाचा, दिवाळीच्या उटण्यासारखा वास उरतो. दुपारी जेवायच्या वेळी हिना नुसती गोड होऊन बसलेली असते, शमामा तेव्हा कुठे खुलत असतं.

आता त्या रोल-ऑनबद्दल. दाट तेल थंडीत गोळीला चिकटतं. गोळी फिरत नाही म्हणून आपण दाबतो, दाबून ती सैल होते आणि बाटली आडवी झाली की गळते. दुकानात गेले तर "रोल-ऑनची गॅरंटी नसते" एवढंच उत्तर. बदलून दिली नाहीच. मग काचेची काडी असलेली रिकामी बाटली ४० रुपयांना वेगळी घेतली. काडीचा एक स्पर्श पुरतो, गोळीने त्याच्या तिप्पट तेल मनगटावर यायचं. म्हणजे चार महिने मी पैसे नुसते चोळून घालवत होते! अत्तर रोल-ऑनमध्ये घेऊच नका, दुकानदार कितीही सोयीचं म्हणो.

या भावात चंदनतेलाचा आधार (ज्यात वाफ उतरवतात ते तेल) मिळत नाही. विक्रेत्याने ते आधीच सरळ सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

मफलरला लावलेली हिना दुसऱ्या दिवशी सापडत नाही. शमामा सांडलेला स्वेटर दोनदा धुतला तरी खिशात हात घातला की वास येतो. तपकिरी डागही तसाच आहे, तेव्हा गडद लोकरीलाच लावा, तेही आतल्या बाजूने. उरलेली हिना आईला दिली. पुढच्या नोव्हेंबरात शमामाच घेणार, ६ मिली, काचेच्या काडीच्या बाटलीत.