वेणीचा सिलिंड्रिका: चौदा महिन्यांनंतरचं मत

सिलिंड्रिका म्हणजे गोल, लांब पानांचा स्नेक प्लांट. त्याचं पान बुडाशी पूर्ण कुजलं तरी वरचा सगळा भाग ताठ आणि हिरवागार राहतो. पानाच्या पोटात स्वतःचा पाण्याचा साठा असतो, त्यामुळे मुळं गेल्याचं त्याला दोन-तीन आठवडे कळतच नाही. सुटं पान असतं तर कललं असतं, पडलं असतं आणि लगेच ध्यानात आलं असतं. वेणीत मात्र शेजारची पानं त्याला उभं धरून ठेवतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडी पुसताना बुडाशी बोट लागलं आणि पान उकडलेल्या दोडक्यासारखं आत दबलं. वास आंबूस. नऊपैकी चार पानं गेली होती आणि वरून एकाचाही रंग बदललेला नव्हता.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: पाणी जास्त झालं. जून आणि जुलै मिळून पाणी दोनदा घातलं होतं, प्रत्येक वेळी अर्धा पेला. हे उत्तर मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहितो, कारण हेच झाड याच रूपात सगळीकडे विकलं जातंय आणि दोष मात्र घेणाऱ्याच्या माथी मारला जातोय.

आधी पहिल्या चार महिन्यांचं मत, तेव्हा लिहिलं असतं तसं. फेब्रुवारीत ७९९ रुपयांना घेतलं: नऊ पानांची वेणी, उंची साधारण ४५ सेंटिमीटर, पांढरी सिरॅमिकची कुंडी, वर सोनेरी फीत. दिसायला या किमतीत दुसरं काही इतकं देखणं नाही. पांढरी भिंत, बाजूने येणारा उजेड आणि ही गोल, करड्या पट्ट्यांची पानं. शोभेच्या वस्तूची गरजच उरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वीस-वीस दिवस पाणी नव्हतं, एक पान सुरकुतलं नाही. पाला गळत नाही, कचरा नाही, धूळ ओल्या फडक्याने पुसली की झालं. मे अखेरीस दहापैकी दहा दिले असते.

पावसाळ्याने ते गुण काढून घेतले. पण झाडाचे नाही, वेणीचे.

वेणी म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं. ही एका झाडाची नऊ पानं नसतात. बहुतेक वेळा नऊ सुटी पानं किंवा कोवळी रोपं एका कुंडीत खोचून गुंफलेली असतात आणि वर-खाली तारेने बांधलेली असतात. सिलिंड्रिकाचं पान बुडाकडून वाढतं. कापून खोचलेलं पान पुढे सेंटिमीटरभरही उंच होत नाही, फक्त मुळं धरतं. वाढ होते ती खालच्या गाठीतून नवा मुनवा फुटून, आणि तो मुनवा वेणीसारखा सरळ येत नाही. पंख्यासारखा पसरट येतो. म्हणजे झाड जगलं, वाढलं, की वेणीचा आकार मोडणारच. हे विकताना कोणी सांगत नाही.

आता तो बांध. फितीखाली प्लॅस्टिक चढवलेली बारीक तार होती, तीन वेढे, पिळून घट्ट केलेली. पाणी पिऊन पान फुगतं आणि तार सालीत रुतते. फीत सोडली तेव्हा सगळ्या पानांवर तपकिरी वळ होता, दोन पानांवर तार साल फोडून आत गेली होती. फितीखाली ओल बसून राहते. पुण्यात जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, कोकणात तर विचारायलाच नको. जखम, ओल आणि कोंदट हवा एका जागी आली की बुरशीला आणखी काय हवं? खालचा बांध मातीपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर होता, म्हणजे कुजण्याची सगळ्यात जास्त शक्यता असते नेमक्या त्याच जागी. कुजलेल्या चारही पानांची कूज या वळापासून खाली उतरलेली होती. मुळांकडून वर आलेली नव्हती. पाणी जास्त झाल्याने कुजतं तेव्हा आधी मुळं काळी पडतात आणि कूज वर चढते. यातल्या दोन पानांची मुळं तोवर पांढरी होती.

दुसरी अडचण पिठ्या ढेकणाची. पानं जिथे एकमेकांवर चढतात त्या फटीत तो बसतो, कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. सुट्या पानावरून तो स्पिरिटच्या बोळ्याने पाच मिनिटांत निघतो. वेणीच्या फटीत कानकोरणी कापसाची काडीही पोचत नाही. फवारा मारला तर औषधाचं पाणी त्याच फटीत साचतं आणि पुन्हा कुजण्याची भीती.

बांधावर मी इतका वेळ घालवतोय ते उगाच नाही. कुंडी बदलता येते, माती बदलता येते, जागा बदलता येते. वेणी सोडल्याशिवाय हा दोष जात नाही.

माती आणि कुंडीचा वाटा त्यानंतरचा. सिरॅमिकच्या कुंडीला बुडाला भोक नव्हतं, त्यामुळे अर्धा पेला पाणीसुद्धा आतच राहिलं. आत निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, होतं. वरचा थर कोरडा, फिकट दिसतो आणि चार बोटं खाली ओल तशीच असते. मुळांभोवती रोप वाढवताना घातलेली प्लॅस्टिकची जाळी तशीच होती; नवी मुळं तिच्यात अडकून पीळ घेतात. नवं झाड आणल्यावर पहिल्या आठवड्यातच कुंडीतून काढून हे सगळं तपासावं.

वेणी सोडायची असेल तर घाई करू नये. आधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद. पानं जराशी लवचीक होतात. भरलेलं पान वाकवलं तर काकडीसारखं कट्कन मोडतं. तार बारीक पक्कडीने एका जागी कापायची, ओढायची नाही. मग वरून खाली एकेक वळसा सोडवत यायचं. जुनी, कडक झालेली पानं सरळ होत नाहीत, वळण तसंच राहतं; ते मला तरी वाईट दिसलं नाही.

कुजलेला भाग स्पिरिटने पुसलेल्या पात्याने कापायचा, प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा पुसायचं. पिवळट किंवा काचेसारखा पारदर्शक गर दिसतोय तोवर वर सरकत राहायचं. स्वच्छ फिकट हिरवा गर लागला की आणखी एक सेंटिमीटर कापून थांबायचं. कापलेल्या तोंडाशी पांढरे चिवट दोरे दिसतात. याच कुळातल्या आपल्याकडच्या घोणसफणाला मूर्वा म्हणतात, आणि धनुष्याची दोरी ती मौर्वी. हा दोरा हातात धरून ओढून पाहिला की ते नाव पटतं.

लांब राहिलेल्या पानाचे १० ते १२ सेंटिमीटरचे तुकडे होतात. कापता कापताच प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला पेनाने खूण करावी. उलटा लावलेला तुकडा मुळं धरत नाही, आणि एकदा तुकडे मिसळले की वर-खाली ओळखू येत नाही. काप सावलीत सुकू द्यायचे: एरवी पाच-सहा दिवस, पावसाळ्यात दहा. तोंडावर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम घेऊन त्यात तोंड बुडवून मग सुकवलं तर पावसाळ्यात जास्त भरवसा. ते द्रावण हातमोजे घालूनच हाताळावं.

सहा इंची कुंडीला साधारण दीड लिटर मिश्रण लागतं. त्यातलं ७५० मिली भरड: विटांचे ५ ते ८ मिलिमीटरचे तुकडे आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. विटा फोडल्यावर चाळून खालची पूड टाकून द्यायची, नाहीतर ती बुडाशी बसून चिखल होतो. क्रशरवरची दगडाची बारीक पूडही नको, ती सिमेंटसारखी घट्ट बसते. उरलेल्यात निम्मी लाल माती, निम्मं जुनं गांडूळखत. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून फुगते आणि सुकली की भेगा पडून मुळं तुटतात. तुकडा ४ सेंटिमीटरपेक्षा खोल खोचू नये. पहिले दहा दिवस पाणी नाही.

कुंडी साधी, मातीची, भोकाची. सिरॅमिकचीच हवी असेल तर मातीची कुंडी तिच्यात उतरवून ठेवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी.

पाण्याला वार ठरवून उपयोग नाही, वजन ठरवावं. माझी मातीची कुंडी झाडासकट कोरडी असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर २,३५० ग्रॅम भरते, पाणी घालून निथळल्यावर २,६५० ग्रॅम. काटा पुन्हा २,३५० च्या आसपास आला की आणखी चार दिवस थांबून पाणी. मार्च-एप्रिलमध्ये हे अंतर १५ ते १८ दिवसांचं निघालं, हिवाळ्यात २५ ते ३० दिवसांचं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, तेही ऊन पडलं तर. पानावरच्या मूळच्या उभ्या खाचा नेहमीपेक्षा खोल दिसू लागल्या तर झाडाला तहान लागलीय. तोवर काही बिघडत नाही.

उजेडाबद्दलही मत बदललं. ‘अंधाऱ्या कोपऱ्यातही चालतं’ हे अर्धंच खरं आहे. अंधारात ते मरत नाही, पण वाढतही नाही, आणि पाणी वापरलं जात नसल्याने कुंडी दीड-दोन महिने ओली राहते. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या काचेतून येणारं एप्रिलचं दुपारचं ऊन पानावर पांढरट डाग पाडतं आणि ते डाग कायमचे. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो, तिथे रात्री गॅलरीत ठेवू नये.

टोकं टणक आणि टोकदार असतात. लहान मूल असेल तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कुंडी ठेवू नका. टोक छाटणं हा उपाय नाही: छाटलेल्या टोकाला कायमचा तपकिरी ठिपका राहतो. पानात सॅपोनिन हे विषारी द्रव्य असतं. मांजर किंवा कुत्र्याने चावलं तर उलट्या होतात.

हवा शुद्ध करण्याच्या दाव्यावर पैसे मोजू नका. तो दावा १९८९च्या नासाच्या प्रयोगावर बेतलेला आहे, आणि तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा दारं-खिडक्यांतून होणाऱ्या हवापालटाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. ‘रात्री ऑक्सिजन देतं’ हेही चूक. हे झाड रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवतं. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच.

वेणी न घातलेला, पंख्यासारखा सिलिंड्रिका साध्या नर्सरीत २५० रुपयांना मिळाला, तीन मुनवे असलेला. वेणीतलं एक पान ८९ रुपयांना पडलं होतं, तेही न वाढणारं. बुटका, जाड पानांचा प्रकार ‘स्टारफिश’ नावाने मिळतो. छोट्या टेबलासाठी तो जास्त शोभतो. चिठ्ठीवर ड्रॅसिना अंगोलेन्सिस लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, याच झाडाचं ते आताचं शास्त्रीय नाव. मूळ अंगोलाकडचं, म्हणून अंगोलेन्सिस.

आजचे गुण: वेणीला दहापैकी दोन, झाडाला नऊ. एक गुण कापला तो वाढीच्या संथपणासाठी. वाचलेली पाच पानं सुटी लावली, पाचही उभी आहेत. कुजलेल्या चार पानांच्या वरच्या भागांतून सात तुकडे निघाले, त्यांतल्या सहांनी ऑक्टोबर अखेरीस मुळं धरली. मुळं धरली की नाही हे उपटून पाहू नका. बोटाने हलकेच हलवा, तुकडा अडला तर धरलीत. पहिला मुनवा फेब्रुवारीत मातीतून वर आला, बोटाच्या पेराएवढा, टोकाला गुलाबीसर. एप्रिलमध्ये तो ९ सेंटिमीटरचा आहे आणि दुसरा त्याच्या शेजारी डोकावतोय. मुनवा १५ सेंटिमीटरचा होऊन त्याची स्वतःची मुळं सुटेपर्यंत जुन्या पानापासून तोडायचा नाही, आणि पाऊस सुरू असताना तर मुळीच नाही.