मांडीवर खिसा शिवावा की पट्ट्याला पकड द्यावी?

'रिंग फिट ॲडव्हेंचर' हा निन्टेन्डो स्विचवरचा व्यायामाचा खेळ खेळताना डावा जॉय-कॉन, म्हणजे हालचाल टिपणारा छोटा कंट्रोलर, डाव्या मांडीला पट्ट्याने बांधावा लागतो. गुळगुळीत लेगिंग असेल तर जागच्या जागी धावता धावता तो पट्टा गुडघ्याकडे उतरतो. यावर दोन उपाय मी करून पाहिले.

एक म्हणजे लेगिंगलाच खिसा. पट्ट्याची कटकटच संपते, मांडीला काचही पडत नाही. पण जॉय-कॉनचं वजन जेमतेम 50 ग्रॅम असलं तरी सैल खिसा तेवढ्यानेही हिंदकळतो, आणि आतले सेन्सर मांडीऐवजी खिशाची हालचाल टिपतात. म्हणून खिसा ताणणाऱ्या कापडाचाच आणि अगदी घट्ट हवा. शिवण झिगझॅग टाक्याची घाला. मी आधी सरळ टीप मारली होती. तिसऱ्याच स्क्वॉटला दोरा तटकन तुटला.

दुसरा उपाय, सिलिकॉनच्या रेघा असलेलं इलॅस्टिक पट्टा जिथे बसतो तिथे लेगिंगवर शिवायचं, सिलिकॉन बाहेरच्या बाजूला. पट्टा त्याला धरून बसतो, हवा तसा आवळता येतो.

मला दुसराच पटला. शिवण थोडी वाकडी गेली तरी खेळ बिघडत नाही, खिशात मात्र बोटभर ढिलाईसुद्धा नडते. पट्टा टोचतोच अशांनी खुशाल खिसा शिवावा, फक्त धुण्याआधी तो नक्की चाचपावा.